कॅसेटमध्ये फुंकर मारू नका

आज लॅमिंग्टन रोडवर एकाने 'काँट्रा' या जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट उचलली आणि आधी जोरात फुंकली. "फुंकल्याशिवाय चालतच नाही हो!"

चालते ती फुंकरीने नाही, गेमच्या डब्यातून (कन्सोलमधून) काढून पुन्हा बसवल्याने. डब्यातल्या पिना कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांना नव्याने टेकतात. फुंकरीतला ओलावा मात्र पट्ट्यांवर राहतो, आणि मुंबईच्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

त्यापेक्षा 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवा, पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसा, बड काळा यायचा थांबेपर्यंत. पाच-दहा मिनिटं सुकू द्या, मगच लावा. सॅंडपेपर अजिबात नको, मुलामा जातो.

1988 ला कॅसेटवर आलेला हा खेळ, दोघांनी शेजारी बसून खेळायचा. एवढ्या एका कॅसेटसाठी तो डबा घ्यावा, इतका सुंदर!

तुमच्याकडची कुठली कॅसेट अजून चालते?