पायथन २ चा कोड ३ वर नेताना: एरर न देणाऱ्या चुका

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या पिढीचा, म्हणजे पायथन २ चा, अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला आणि त्याच एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली. तरी पगारपत्रकं काढणारा, याद्या छापणारा जुना कोड अजून चालू असतो. तो पायथन ३ वर न्यायचा म्हटलं की बहुतेक जण 'प्रिंट'ला कंस घालण्यापासून सुरुवात करतात. ते काम सोपं आहे, कारण कंस राहिला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. खरी भीती वाटायला हवी ती बिनबोभाट चालणाऱ्या, पण वेगळं उत्तर देणाऱ्या ओळींची. मराठी मजकूर असलेल्या कोडमध्ये अशा ओळी जास्तच निघतात.

कोडला हात लावण्याआधी जुन्या प्रोग्रॅमला खरा इनपुट देऊन त्याचं आउटपुट फाइलींमध्ये जपून ठेवा. टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) नसतील तर हाच तुमचा आधार. इनपुट निवडताना जोडाक्षरं असलेली नावं, रिकामे रकाने आणि पन्नास पैशांवर अडणाऱ्या रकमा मुद्दाम घ्या. मग कोड २.७ वरच '-३' हा पर्याय देऊन चालवा. पायथन ३ मध्ये गेलेल्या किंवा बदललेल्या बऱ्याच गोष्टींचे इशारे तो देतो, पूर्णांकांच्या भागाकाराचेही.

'टू-टू-थ्री' हे रूपांतराचं साधन ३.१३ पासून पायथनसोबत येत नाही. वापरायचं असेल तर ३.१२ किंवा त्याआधीची आवृत्ती ठेवा. ते व्याकरण बदलतं, 'मॅप' आणि 'कीज' जिथे लागेल तिथे 'लिस्ट'मध्ये गुंडाळतं. पण अर्थाला ते हात लावत नाही. ७ भागिले २ हे पायथन २ मध्ये ३ येतं, पायथन ३ मध्ये ३.५. पूर्णांकच हवा असेल तिथे दोन तिरप्या रेघांचा भागाकार लिहावा लागतो, आणि तो कुठे हवा हे कोड वाचणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

संख्या जवळच्या पूर्ण आकड्यावर नेणाऱ्या 'राउंड'चा फरक पैशांच्या हिशेबात थेट दिसतो. २.५ चं उत्तर पायथन २ मध्ये ३.० आणि पायथन ३ मध्ये २, कारण पायथन ३ मध्ये बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते. ०.१२५ दोन दशांश स्थळांपर्यंत घेतलं तर आधी ०.१३ यायचं, आता ०.१२ येतं. बिलांसाठी 'डेसिमल' मॉड्यूल वापरा आणि त्यात अर्ध्याला वर नेण्याचा नियम स्पष्ट लिहा. मूळ नियमावर विसंबू नका.

आता मजकुराकडे. पायथन २ मधली साधी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) म्हणजे बाइटची रांग, तर पायथन ३ मध्ये ती युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या यादीतल्या, चिन्हांची रांग. ही चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. त्यामुळे लांबी विचारली तर जुना कोड ३० सांगतो, नवा १०. नाव पहिल्या ३० पर्यंत कापणारी ओळ जशीच्या तशी ठेवलीत तर आता ९० बाइटपर्यंत मजकूर पुढे जाईल, आणि ठरीव रुंदीची फाइल घेणाऱ्या पुढच्या प्रणालीत सगळे रकाने सरकतील. अशा जागी मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा (बाइटमध्ये बदला), बाइटवर कापा आणि शेवटी अर्धवट राहिलेलं चिन्ह काढून टाका.

नियम एकच ठेवा: फाइल, नेटवर्क किंवा डेटाबेसमधून बाइट आत आले की लगेच डीकोड (बाइटचा पुन्हा मजकूर), बाहेर जातानाच एन्कोड, मध्ये सगळीकडे स्ट्रिंग. कुठे मिसळ झाली तर बाइट आणि स्ट्रिंगची तुलना गुपचूप 'फॉल्स' देते. ती पकडायला टेस्ट '-बीबी' पर्यायासह चालवा, म्हणजे अशा तुलनेला थेट एरर येते.

फाइल उघडणाऱ्या 'ओपन'मध्ये एन्कोडिंग न लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. विंडोजवर तेव्हा बहुधा सीपी १२५२ हे युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग धरलं जातं. यूटीएफ-८ मधल्या हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी १२५२ मध्ये ती जागा रिकामी आहे. म्हणून जोडाक्षर असलेल्या ओळीवर प्रोग्रॅम पडतो, तर 'कमल' किंवा 'सागर'सारखी नावं न अडता वाचली जातात आणि डेटाबेसमध्ये कचरा होऊन बसतात. प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग लिहा. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली फाइल) असेल तर 'न्यूलाइन' रिकामी द्या, आणि एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेली फाइल असेल तर 'यूटीएफ-८-सिग', नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य खूण चिकटते. ३.१० पासून न लिहिलेल्या एन्कोडिंगचे इशारे मागता येतात, ते चालू करा.

रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणाऱ्या संकेतांचंही बघा. पायथन ३ मध्ये अंकांचा संकेत '४११०३०' या देवनागरी पिनकोडलाही जुळतो. पुढची प्रणाली इंग्रजी अंकच घेत असेल तर 'आस्की' हा फ्लॅग लावा. उलट शब्दांचा संकेत काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. त्यासाठी 'रेजेक्स' हे वेगळं पॅकेज चांगलं.

जुन्या 'पिकल' फाइली (पायथनने स्वतःच्या पद्धतीने साठवलेला डेटा) पायथन २ चालू आहे तोवरच जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून घ्या. पायथन ३ त्यातल्या जुन्या स्ट्रिंग आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग, समजून उघडतो आणि देवनागरीवर अडतो.

थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारू नका. आधी ३.९ वर कोड उभा करा. 'कलेक्शन्स'मधली 'मॅपिंग'सारखी जुनी नावं ३.१० मध्ये गेली, 'डिस्टयुटिल्स' ३.१२ मध्ये, 'सीजीआय' ३.१३ मध्ये. ३.९ वर यातलं सगळं चालतं आणि बऱ्याच गोष्टींचे इशारेही मिळतात, त्यामुळे दोन प्रकारच्या अडचणी एकत्र येत नाहीत. मुक्काम मात्र तिथे नको, त्या आवृत्तीचाही पाठिंबा संपला आहे.

शेवटी दोन्ही आवृत्त्या समांतर चालवून आउटपुटची तुलना करा. डिक्शनरीचा (नावं आणि त्यांच्या किमतींच्या जोड्यांचा) क्रम २.७ मध्ये भरवशाचा नव्हता, ३.७ पासून भरण्याचा क्रम टिकतो, म्हणून तुलनेआधी ओळी क्रमवार लावा. उरलेल्या प्रत्येक फरकापुढे कारण लिहिता आलं पाहिजे. ज्याचं कारण सापडत नाही, तो फरक घेऊन कोड लाइव्ह करू नका.