तारीख आणि ठिकाण: राष्ट्रीय महासंघाच्या नियोजन समितीतील माझा अनुभव

आमच्या खेळात विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो आणि त्या संघटनेचे सहसचिवपद मी बरीच वर्षे नागपुरातून सांभाळतो आहे. राष्ट्रीय महासंघाने चार वर्षांचा आराखडा तयार करण्यासाठी पाच जणांची समिती नेमली, तेव्हा संघटनेने माझे नाव पाठवले. नागपूर चारही दिशांच्या सदस्यांना रेल्वेने सोयीचे असल्यामुळे समितीच्या तिन्ही बैठका येथेच, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाजवळच्या एका सभागृहात झाल्या.

पहिल्या बैठकीत पुढ्यात आलेला मसुदा पदकांचा होता. २०३६ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मिळावे यासाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला इरादापत्र दिले. त्या वर्षापर्यंत आपला खेळ कोठे पोहोचावा, याचे उद्दिष्ट मसुद्यात वर्षवार मांडले होते. उद्दिष्टाला माझा विरोध नव्हता. मात्र २०३६ मध्ये चोविशीत असणारा खेळाडू २०१२ चा जन्म असलेला, म्हणजे आज सब-ज्युनिअर गटात खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे, आणि नेमक्या त्या गटासाठी मसुद्यात जेमतेम एक परिच्छेद होता.

दुसऱ्या बैठकीला मी कार्यालयातील परिपत्रकांची फाईल घेऊन गेलो आणि सब-ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेची मागील पाच वर्षांची पत्रके टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात आमच्या आवक नोंदवहीचा शिक्का व तारीख होती आणि मजकुरात स्पर्धेची तारीख होती. पाचपैकी तीन वेळा या दोन तारखांमध्ये वीस दिवसांचेही अंतर नव्हते. रेल्वेचे आरक्षण त्या काळी प्रवासाच्या १२० दिवस आधी खुले होत असे (१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली), त्यामुळे आम्हाला तारीख कळेपर्यंत गाड्या भरलेल्या असत. एका वर्षी बारा मुलांपैकी चौघांनाच बर्थ मिळाले; बाकीची आरएसीच्या एकेका जागेवर दोघे-दोघे रात्रभर बसून गेली आणि सकाळी नऊला त्यांचा पहिला सामना होता. ती मुले पहिल्याच फेरीत हरली. ती कमी पडली असे मी तेव्हाही मानले नाही आणि आजही मानत नाही.

उशीर का होतो, याचे उत्तर महासंघाच्या घटनेत सापडले. यजमान ठरवण्याचा अधिकार एकट्या सरचिटणीसांकडे होता, त्यासाठी मुदत नव्हती आणि निकषही नव्हते. दोन राज्यांनी एकाच स्पर्धेची मागणी केली की निर्णय टांगणीला लागत असे. म्हणून मी असा आग्रह धरला की, तारीख आणि ठिकाण किमान ९० दिवस आधी कार्यकारिणीने ठरवावे, नंतरचा बदल केवळ ठरावानेच व्हावा, त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवावे आणि ही तरतूद आराखड्यात न ठेवता घटनेत घालावी. आराखडा बाजूला पडला तर कोणी जाब विचारत नाही. घटनेचा भंग झाला तर कोणत्याही संलग्न संघटनेला सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो.

घटनादुरुस्तीसाठी दोन तृतीयांश मते लागणार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केल्यामुळे घटना तशीही उघडावी लागणार होती: कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन उत्कृष्ट कामगिरी केलेले खेळाडू, ही रचना करणे आले. आमचे कलम त्याच विषयाला जोडून घेतले. सभेच्या आदल्या रात्री एका राज्याचे ज्येष्ठ सचिव मला म्हणाले, “भाऊ, तारीख अशी बांधून घेतली तर ऐन वेळी मैदान मिळालं नाही की आम्ही काय करायचं?” प्रश्न रास्त होता. मी तीच पाच पत्रके त्यांच्यापुढे ठेवली आणि बराच वेळ बोलून ९० दिवसांऐवजी ७५ दिवसांवर आम्ही तडजोड केली. दुसऱ्या दिवशी त्या कलमाचे अनुमोदन त्यांनीच केले. ठराव आवश्यकतेपेक्षा तीन मते अधिक मिळून संमत झाला. पंचांच्या भत्त्याचा विषय वेळेअभावी राहून गेला, याची रुखरुख आहे. तो पुढील विषयपत्रिकेवर घ्यावा असे पत्र मी दिले आहे.

नव्या कलमानुसार निघालेले पहिले पत्रक ७८ दिवस आधी आमच्या आवक नोंदवहीत चढले. आरक्षण खुले होण्याच्या दिवशी सकाळी आठच्या आधी मी आणि संघाचे व्यवस्थापक नागपूर स्थानकाच्या आरक्षण केंद्रात रांगेत उभे होतो. एका अर्जावर सहाच नावे चालतात, म्हणून बारा मुले, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक मिळून तीन अर्ज भरले. चौदाही बर्थ एकाच डब्यात मिळाले.