समतल चर: खोदाईपेक्षा आखणीला जास्त दिवस द्या

माण तालुक्यातल्या एका माळावर आम्ही सलग समतल चर काढले, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब चर. उतार 12 टक्के, वर वीतभर माती, खाली मुरूम. चर 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल, दोन ओळींत 10 मीटर अंतर. एक मीटर चरात 180 लिटर पाणी मावतं. उतारावरच्या पावसातलं 40 टक्के पाणी वाहून येतं असं धरलं, तर 45 मिलिमीटरची सर तो पोटात घेतो.

आखणी हायड्रोमार्करने केली. दोन सारख्या काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा आणि मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. कामाआधी काठ्या सपाट फरशीवर शेजारीशेजारी उभ्या करून दोन्हीकडची पातळी एक आहे का बघायची. नसेल तर नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. काठ्या हलवताना थोडं पाणी सांडतंच, म्हणून सकाळी टिपलेल्या आकड्यावर विसंबू नये. दर वेळी दोन्ही काठ्यांवरचे आकडे एकमेकांशी जुळवायचे. काठी खड्ड्यात किंवा दगडावर टेकवली तरी रेघ चुकते. पातळी जुळली की चुन्याची फक्की लगेच मारायची.

एवढी काळजी का? 100 मीटरच्या चराचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 30 सेंटिमीटर खाली गेलं, तर खालचं टोक वाहू लागतं तेव्हा वरचं कोरडंच असतं. सगळं पाणी तिथूनच फुटतं, आणि ते एकटं फुटत नाही. त्याच्या लोंढ्याने खालचे चरही एकामागून एक जातात. म्हणून चरात दर 10 मीटरला अर्धा मीटर जमीन न खोदता आडवी राखली. आखणीत थोडी चूक राहिली तरी ती त्या गाळ्यापुरतीच राहते.

खोदाई माथ्यापासून सुरू करावी. खालून सुरू केली आणि मधेच पाऊस आला, तर वरचा सगळा लोंढा खालच्या नव्या चरांवर येतो. माती उताराच्या खालच्या बाजूलाच टाकायची, चराच्या काठापासून 30 सेंटिमीटर जागा सोडून. मजूर घाईत ती अगदी काठावर ओततात आणि पहिल्याच सरीत ती परत चरात येते. या एका गोष्टीसाठी माणूस उभा करावा. या मातीच्या भरावावर स्टायलो आणि मारवेल हा चारा लावला. मुळं धरली की माती हलत नाही.

ओघळीतून चर नेऊ नका. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना 3-3 मीटर आधीच थांबलो आणि ओघळीत अनघड दगडी बांध घातले. पाया 30 सेंटिमीटर, उंची मीटरच्या आत, वरच्या अंगाला 1:1 आणि खालच्या अंगाला 1:2 उतार. मोठे दगड बाहेर, लहान आत. माथा मध्यभागी थोडा खोलगट हवा, नाहीतर पाणी काठ पोखरून बांधाला वळसा घालतं. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत ठेवला.

पहिल्या मोठ्या सरीनंतर फावडं घेऊन सगळ्या ओळी फिरून बघाव्या लागतात. ओला भराव जिथे खचलेला दिसतो, तिथे दुसऱ्या सरीआधी माती चोपून घ्यायची. साचलेला गाळ दर उन्हाळ्यात काढायचा.