वडिलांकडचं कोण?

आज खानापूरच्या पहिल्या एसटीनं आक्का, मी आणि बाबा बेळगावला. आक्काला बेचाळिशीतच स्तनाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाई कागदावर गोल-चौकोन काढत घराणं लिहून घेत होत्या. आईकडं कुणाला? कुणालाच नाही. मी हुश्श केलं, तर म्हणाल्या, "आणि वडिलांकडं?"

आत्या पोटात पाणी होऊन गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबा खाली बघत म्हणाले, "अंडाशयाचा होता." आजीची छातीतली 'गाठ'ही आत्ता कळली. आमच्यात या रोगाचं नावच घ्यायचं नाही ना!

स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी नातं असलेल्या बीआरसीए1 आणि बीआरसीए2 या जनुकांतला दोष बापाकडूनही येतो. असला तर प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, 50 टक्के शक्यता. दोष आला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण धोका बराच वाढतो. आधी आक्काचं रक्त तपासणार, त्यात सापडलं तर आमचं.

संमतीचा कागद कन्नडात. शेजारच्या अम्मांनी ओळ न् ओळ समजावून सांगितली, त्या नादात त्यांचा स्वतःचा नंबर गेला.

परतताना बाबांनी कुंदा घेतला. पुडा अजून तसाच आहे.

आता दादाला फोन करायचाय. "बायकांचं आजारपण, मला कशाला?" म्हणेल. त्याला दोन मुली आहेत.