अमेरिकेत मृत्युपत्र करावं की रिव्होकेबल ट्रस्ट?

रिव्होकेबल ट्रस्ट म्हणजे मालमत्ता ज्याच्या नावावर ठेवायची आणि जो हयातीत केव्हाही रद्द करता येतो, असा ट्रस्ट. त्याच्या कागदावर सही झाली म्हणजे काम संपलं, असं समजू नका. घराचं डीड (मालकीचा दस्त) नव्याने नोंदवून आणि बँक खाती ट्रस्टच्या नावावर करून घेतली नाहीत, तर ती मालमत्ता बाहेरच राहते आणि वारसांना बहुतेकदा प्रोबेटसाठी (मालमत्ता वारसांकडे सोपवण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेसाठी) कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून सोबत छोटं मृत्युपत्र हवंच, राहिलेलं सगळं ट्रस्टमध्ये टाकणारं. अल्पवयीन मुलांचा पालकही सहसा या मृत्युपत्रातच नेमतात.

ट्रस्टचा खरा फायदा मला हयातीतला वाटतो. स्मृती गेली, तर पर्यायी विश्वस्त व्यवहार हाती घेतो. मृत्युपत्र मृत्यूपूर्वी लागूच होत नाही. धनकोंपासून संरक्षण मात्र असा ट्रस्ट देत नाही, कारण तो केव्हाही रद्द करण्याचा अधिकार तुमच्याच हाती असतो.

मालमत्ता मोजकी, खात्यांवर लाभार्थी नोंदवलेले असतील, तर मृत्युपत्र बहुधा पुरतं.