जपानी पासपोर्टवर जर्मनी: व्हिसा नको, पण दिवस मोजा

जपानी पासपोर्ट असेल तर जर्मनीला फिरायला, नातेवाइकांकडे किंवा कंपनीच्या बैठकीला जायला व्हिसा लागत नाही. एवढं ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. घोळ होतो तो दिवसांच्या हिशेबात.

नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि तेही एकट्या जर्मनीत नव्हे, तर २९ शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) मिळून. पोहोचण्याचा दिवस धरायचा, निघण्याचाही. मोजणी १ जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून होत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस तपासले जातात.

समजा, कुणी १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२६ डुसेलडॉर्फला राहिलं. झाले ५० दिवस. तेच १ मे रोजी पुन्हा आलं, तर हातात ४० दिवस उरतात आणि ९ जून हा शेवटचा दिवस ठरतो. जानेवारीचे दिवस हिशेबातून गळायला ९ जुलै उजाडावा लागतो. मध्ये लंडनला चक्कर मारली की मोजणी नव्याने सुरू होते, हा समज साफ चुकीचा आहे. लंडनचे दिवस मोजले जात नाहीत, पण आधीचे पुसलेही जात नाहीत. शिवाय ब्रिटनसाठी जपानी प्रवाशांना ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए ही ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते.

पूर्वी शिक्के अस्पष्ट असायचे, मोजताना नजरचूक व्हायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ईईएस या सीमेवरच्या ये-जा नोंदवणाऱ्या संगणकीय यंत्रणेत चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, दिवस संगणकच मोजतो. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. ही नोंदणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते. टोकियोहून हेलसिंकीमार्गे बर्लिनला जाणाऱ्याची रांग हेलसिंकीत लागते, म्हणून पहिल्या खेपेला पुढच्या विमानाआधी भरपूर वेळ ठेवा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा. वर्षापेक्षा कमी मुदत उरली की जपानमध्ये नवा काढता येतो, तेव्हा तिकिटाआधीच काढावा. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवता येईल अशी कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा.

नोकरी किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्या जपानी नागरिकांना जर्मनीने मोठी सवलत दिली आहे: व्हिसाशिवाय जाऊन, ९० दिवसांच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करता येतो. मोठ्या शहरांत वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून पोहोचताच मागणी नोंदवा. परवाना हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. नोकरीची तारीख पक्की असेल, तर टोकियोतूनच व्हिसा काढून जाणं शहाणपणाचं.

जपानमध्ये स्थायिक मराठी कुटुंबांनी हे नीट ध्यानात घ्यावं: जोडीदार जपानी असला, तरी भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा लागतोच. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मध्ये लंडनला जाऊन परत जर्मनीत यायचं असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा.