ताई, हा असा का वागतो?

बालवाडी सुटताना दारात चपलांचा घोळ चाललेला असतो. त्यात एखादी आई हळूच विचारते, "ताई, हा असा का वागतो? आमच्याकडे तर कुणीच कुणाला चावत नाही."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी माझेच प्रश्न. कधी चावतो? कुणाला? आणि चावल्यावर लगेच काय होतं?

आमच्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा होता. खेळताना गुणी बाळ. चावायचा तो फक्त डब्याआधी, हात धुवायच्या रांगेत. पोटात भूक, मागून धक्के आणि तोंडात शब्द मोजून चार. चावला की पुढचं पोर रडत बाजूला व्हायचं आणि नळ याला मिळायचा. मग का नाही चावणार? आम्ही त्याला रांगेत पहिला उभा केला आणि "माझा नंबर" म्हणायला शिकवलं. रागावून जे झालं नव्हतं, ते हळूहळू यानं झालं.

घरी मोबाइलचं असंच. आई ठाम असते, पोर रडून लाल होतं, आणि शेवटी आजोबा "घे रे बाळा" म्हणून हातात देतात. पोर शिकतं काय? इतकं रडावं लागतं. कधी मिळतं, कधी नाही, म्हणून तर ते आणखी चिवट होतं. आणि खरंच बंद केलंत, तर आधी रडणं वाढतं. नेमक्या त्याच दिवशी घरचे माघार घेतात.

काही वेळा मात्र कारण शरीरातच असतं. "अजिबात ऐकत नाही" म्हणून आणलेल्या मुलाला खरंच कमी ऐकू येत असतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. जंतांमुळे रात्रभर खाज, मग दिवसभर किरकिर. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. मोठ्यांबरोबर अकरापर्यंत मालिका बघून सकाळी आठला आलेलं पोर शहाण्यासारखं कसं वागेल? हाकेला बघत नसेल, बोलणं मागे असेल, तर माझ्याकडे नाही, आधी डॉक्टरांकडे जा आणि कान तपासून घ्या.

"बापावर गेलाय" हे कारण मी धरत नाही. त्यावर उपाय नाही.

तेव्हा आठवडाभर वहीत लिहा: कधी, कुणाला, नंतर काय झालं. आजोबांनी काय केलं तेही लिहा, आणि वही घेऊन या. मग बोलू.